मागचं दार आतूनही उघडत नाही, बाहेरूनही नाही: काच फोडण्याआधी हे करून बघा

चिपळूणच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची २०१२ ची हॅचबॅक आहे. मागचं डावं दार पंधरा दिवसांपासून उघडत नाही, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. बाकीची तीन दारं व्यवस्थित आहेत. रिमोट दाबला की त्या तिन्ही दारांतून ‘टक’ असा आवाज येतो, या दारातून मात्र बारीक घरघर. आतली लॉकची खुंटी बोटाने हलत नाही. बाहेरचं हँडल नेहमीसारखं ओढलं जातं, पण दार ढिम्म. आतलं हँडल वर्षभरापासून सैल आहे. घरात सगळ्यांना वाटत होतं की चाइल्ड लॉक लागलंय. ही गाडी २०२१ च्या पुरात उभी होती आणि पाणी दाराच्या हँडलपर्यंत आलं होतं. तेव्हा इंजिन, वायरिंग, सीटा सगळं करून घेतलं. आता जवळच्या एका मेकॅनिकने सांगितलंय की मागची छोटी काच फोडावी लागेल, नाहीतर दाराचा पत्रा कापावा लागेल. ताईंची मुलगी मागेच बसते. काही न फोडता दार उघडेल का, असं त्या विचारतात.

ताई, बहुतेक वेळा उघडतं. आणि काच तर कुणालाही फोडू देऊ नका. काच फोडून काय मिळणार? हात आत जाणार. पण आत तर तुम्ही आत्ताही जाऊ शकता, उजव्या दाराने. दार अडलंय ते त्याच्या पोटातल्या लॅचमुळे, म्हणजे दार बंद धरून ठेवणाऱ्या यंत्रामुळे. काच फुटली तरी लॅच आहे तिथेच बंद राहणार, वर काचेचे बारीक तुकडे दाराच्या पोटात पडून पुढे खडखडत राहणार. पत्रा कापायची वेळ क्वचित येते, आणि आली तरी बाहेरचा, रंगाचा पत्रा कापायचा नसतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

माझं गॅरेज सावर्ड्याला, हायवेला लागून. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतरचे कित्येक महिने माझ्याकडे पुरातल्याच गाड्या होत्या. प्रत्येकाला घाई इंजिनाची, कारण गाडी चालू व्हायला हवी होती. दारांचे पॅड, म्हणजे आतली आवरणं, काढून आत बघू दे म्हटलं की बरेच जण म्हणायचे, दारं तर उघडतायत, ते राहू दे. त्यांना दोष देत नाही, तेव्हा घरंच उभी करायची होती. पण तुमची गाडी वाचताना मला तेच दिवस आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दार बंद कसं राहतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मागच्या सीटच्या बाजूच्या पिलरवर, म्हणजे दार जिथे येऊन लागतं त्या खांबावर, यू आकाराची एक पोलादी कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या मागच्या कडेला लॅच असतं. लॅचमध्ये फिरणारा एक जबडा असतो आणि त्याला अडवून धरणारा एक छोटा अडसर. दार लावलं की कडी जबड्यात शिरते, जबडा फिरतो आणि अडसर त्याच्या खाचेत पडतो. खाचा दोन असतात, म्हणून दार लावताना नीट कान दिला तर दोन ‘टक’ ऐकू येतात. पहिल्यावर दार अर्धवट लागतं, दुसऱ्यावर पूर्ण. उघडताना एवढंच व्हायला हवं की तो अडसर खाचेतून बाजूला सरकावा. बोटाच्या पेराएवढा तुकडा. तुमचं सगळं दार आज त्याच्यावर अडलंय.

या अडसरापर्यंत पोचायच्या दोन वाटा असतात. बाहेरच्या हँडलपासून एक रॉड खाली लॅचपर्यंत येतो, ही पहिली. आतल्या हँडलपासून एक केबल किंवा रॉड येतो, ही दुसरी. आणि या दोन्हींमध्ये लॉक असतं. लॉक केलं की हँडल ओढलं तरी ती ओढ अडसरापर्यंत पोचत नाही, हँडल नुसतं रिकामं हलतं. लॉक हलवायचं काम आतली खुंटी करते, सेंट्रल लॉकची छोटी मोटर करते, आणि पुढच्या दारात किल्लीही करते. मागच्या दारात चाइल्ड लॉक असतं, ते फक्त आतली वाट तोडतं, बाहेरच्या हँडलला काही करत नाही.

आता तुमची गाडी. आतली वाट वर्षभरापूर्वीच बंद पडली होती. चाइल्ड लॉक लागलेलं असताना आणि केबल निसटलेली असताना आतल्या हँडलचा स्पर्श जवळजवळ सारखाच लागतो, दोन्हीत ते सैल जातं. म्हणून घरातल्यांचा गैरसमज होणं साहजिक आहे. एक वर्ष तुम्ही फक्त बाहेरच्या वाटेवर भागवलं. पंधरा दिवसांपूर्वी लॉक बंद जागी अडकलं आणि ती वाटही गेली. मी आजवर पूर्ण अडकलेली जितकी दारं उघडली, त्यांतल्या बहुतेकांची कहाणी हीच. दार एका दिवसात अडकत नाही. एक वाट आधीच मेलेली असते, दुसरी चालू असते म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि दुसरी गेली की मग काच फोडायच्या गोष्टी सुरू होतात.

गाडी न बघता मी काय सांगू शकतो आणि काय नाही, तेही सांगतो. या गाडीचं सेंट्रल लॉक कंपनीतून आलेलं आहे की बाहेरून बसवलेलं, यावर बरंच अवलंबून आहे. त्या काळच्या खालच्या मॉडेलांना बाहेरून किट बसवायची सर्रास पद्धत होती. त्यात मोटर वेगळी असते, आणि तिचा रॉड लॉकच्या मूळ रॉडला एका छोट्या स्क्रूच्या क्लॅम्पने जोडलेला असतो. तो स्क्रू ढिला झाला की रॉड वाकडा होऊन लॉकला बंद जागीच दाबून धरतो. कंपनीच्या लॉकमध्ये मोटर बहुधा लॅचच्या पेटीतच असते. दुसरी गोष्ट, त्या बाजूने गाडी कधी ठोकली गेली आहे का? दाराचा सांगाडा थोडा जरी पिळला असेल तर लॅच चांगलं असूनही कडी जबड्यात घट्ट बसते. तसं असेल तर पुढची पद्धत तीच, पण जोर लावायची दिशा बदलते.

मी अडकलेल्या दाराला हत्यार लावण्याआधी पाच मिनिटं फक्त कान आणि बोटं लावतो. एकजण रिमोट दाबतो, मी दाराच्या मागच्या कडेला, लॅचच्या उंचीवर कान टेकतो. काहीच आवाज नसेल तर मोटरपर्यंत करंट येत नाही: फ्यूज, किंवा पिलर आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीत तुटलेली वायर. चांगला जोरदार ‘टक’ येत असेल आणि तरी दार उघडत नसेल, तर लॉक सुटतंय पण हँडलची जोडणी तुटली आहे. तुमच्यासारखी घरघर येत असेल तर मोटर धडपडतेय पण लॉक सरकवू शकत नाही. मग हँडल. एकदम लुळं लागलं तर रॉडची प्लॅस्टिक क्लिप गेली. दगडासारखं कडक लागलं तर लॅचमध्येच काहीतरी जाम. तुमचं बाहेरचं हँडल नेहमीसारखं स्प्रिंगवर परत येतंय, म्हणजे ते बहुधा ठीक आहे, फक्त लॉक असल्यामुळे रिकामं हलतंय. खुंटी हलत नाही, मोटर घरघरतेय. या सगळ्यावरून माझा अंदाज असा की लॅचच्या आत लॉकचा दांडा पुराच्या गाळाने आणि गंजाने धरला आहे. तेव्हा आपल्याला पत्र्याशी किंवा काचेशी काही करायचं नाही. तो एक दांडा एकदाच उघड्या बाजूला सरकवायचा आहे. तेवढं झालं की तुमचं बाहेरचं हँडल दार उघडेल.

सर्वांत आधी मोटरला मदत करा. दोन माणसं लागतील, तीन असतील तर बरं. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन चालू ठेवा. बंद शेडमध्ये हे करू नका, धूर साठतो. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट देते, चालू असताना चौदाच्या आसपास मिळतात, आणि त्या छोट्या मोटरला एवढा फरकही उपयोगी पडतो. काही गाड्यांत किल्ली स्विचमध्ये असताना रिमोट चालत नाही, तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या लॉकने चारही दारं उघड-बंद करा. एकाने आत मागच्या सीटवर बसून खुंटी उघडायच्या दिशेने अंगठ्याने दाबून धरायची. झटके द्यायचे नाहीत, प्लॅस्टिक तुटतं, एकसारखा दाब. दुसऱ्याने लॉक उघड-बंद करत राहायचं. मोटरचा आणि अंगठ्याचा जोर एकाच क्षणी लागला की बऱ्याचदा दांडा सरकतो. आठ-दहा वेळा करून दोन मिनिटं थांबा, मोटर तापते.

तिसऱ्या माणसाने बाहेरून दार दाबायचं. यामागचं कारण समजून घ्या. दाराचं बीडिंगचं रबर दाराला सतत बाहेर ढकलत असतं. त्यामुळे जबडा कडीला रेटून बसतो आणि अडसर जबड्याला. आपण घाईने हँडल ओढताना दारही बाहेर ओढतो, म्हणजे तो रेटा आणखी वाढवतो. म्हणून उलट करायचं. तळहात दाराच्या मागच्या कडेला, हँडलच्या पातळीवर ठेवायचा, दार आत दाबायचं, आणि दाबलेलं असतानाच हँडल ओढायचं. पत्र्याच्या मध्यावर दाबू नका, पोचा पडेल. आत दाबून झालं नाही तर दार खालून थोडं वर उचलून बघा. बिजागऱ्या झिजलेल्या असतील तर दार खाली बसतं आणि कडी जबड्यात तिरपी अडकते, उचलल्यावर ती सुटते.

एवढ्याने झालं नाही तर तेल. इथे एक सोपी गोष्ट आहे जी फार कमी लोक करतात. तुमचं मागचं उजवं दार उघडा आणि नीट बघा. ते डाव्या दाराचं आरशातलं रूप आहे. लॅच जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजा, कडीची खाच कुठे आहे ते बघा, फोटो काढा. मग डाव्या दाराच्या मागच्या फटीवर त्याच उंचीला चिकटपट्टीने खूण करा. डब्ल्यूडी-फॉर्टीसारख्या स्प्रेची बारीक नळी त्या फटीतून, रबराच्या बाहेरून, खुणेच्या जागी लॅचच्या तोंडाकडे घाला आणि थोडं-थोडं मारा. अर्धा तास थांबा. मग परत खुंटी, लॉक, हँडल. परत स्प्रे. मी कधीकधी संध्याकाळी मारून गाडी रात्रभर तशीच ठेवतो. सुकलेला गाळ भिजायला वेळ लागतो, तिथे माणसाची घाई चालत नाही. या कामाला ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरू नका, ते जाड असतं, आत शिरत नाही आणि नंतर धूळ धरून ठेवतं.

आणि एक हात जोडून सांगतो: कुणी काचेच्या बीडिंगमधून लोखंडी पट्टी किंवा तार खुपसून ‘लॉक उचकटतो’ म्हणाला तर नको म्हणा. जुन्या गाड्यांत उघडे रॉड असायचे तेव्हा ते जमायचं. आताच्या दारात वायरी आहेत, केबली आहेत, काचेचं मशीन आहे. पट्टीने वायर सोलली की दाराबरोबर काचही बंद पडते.

स्प्रेनेही झालं नाही तर पॅड काढायचं, म्हणजे दाराचं आतलं आवरण. बंद दाराचं पॅड काढता येत नाही, असं बरेच जण सांगतात. येतं, फक्त वेळ लागतो. आणि इथेही उजवं दार कामाला येतं. आधी उजव्या दाराचं पॅड काढून बघा. स्क्रू कुठे लपलेत, क्लिपा किती आणि कुठे, पॅड वर सरकतं की सरळ बाहेर येतं, सगळं समजतं. या अर्ध्या तासामुळे डाव्या बाजूचे दोन तास वाचतात, आणि मोडतोड टळते.

डाव्या बाजूला पुढची सीट पूर्ण पुढे सरकवा, मागच्या सीटची बैठक काढून टाका, म्हणजे दाराच्या खालच्या कडेपर्यंत हात पोचेल. काच पूर्ण वर करा आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. उलट केलंत तर काच अर्ध्यात राहील. पुढच्या दाराचं काम असतं तर बॅटरी सोडवल्यावर काही मिनिटं थांबायला सांगितलं असतं, कारण काही गाड्यांच्या पुढच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. मग आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू, हातधरणीचा स्क्रू. काच हाताने फिरवायची असेल तर त्या हँडलच्या मागे एक तारेची क्लिप असते. कापडाची पट्टी हँडल आणि पॅडच्या मध्ये घालून दोन्ही टोकांनी करवतीसारखी इकडून तिकडे ओढा, क्लिप सुटून उडते. उडते तेव्हा ती कुठे पडली ते बघा. आता पॅडच्या खालच्या कोपऱ्यातून, शक्यतो प्लॅस्टिकच्या पट्टीने, एकेक क्लिप सोडवत वर या. दोन-तीन क्लिपा तुटतीलच, त्या दहा-वीस रुपयांना मिळतात, आधीच आणून ठेवा. जिथे पॅड पिलरच्या आवरणाआड दबलंय तिथे ते हलकं वाकवावं लागतं. उन्हात तापलेलं पॅड जास्त वाकतं, गार असताना तडकतं, म्हणून हे काम मी दुपारी करतो.

पॅडच्या आत पातळ प्लॅस्टिक काळ्या चिकट गोंदाने लावलेलं असेल. ते फाडू नका, कडेने सोलून वर गुंडाळा. आता टॉर्च लावा आणि हातात जाड हातमोजे घाला. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, माझ्या मनगटावर अजून खूण आहे. मागच्या कडेला लॅचची पेटी दिसेल. खुंटीकडून येणारा रॉड किंवा केबल जिथे लॅचला मिळते तो लॉकचा दांडा. उजव्या दारात खुंटी हलवून तो कुठल्या दिशेने सरकतो ते बघितलेलं असेलच. लांब स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो त्याच दिशेने ढकला. तुमच्या गाडीत बहुधा इथे गाळाची करडी पूड हाताला लागेल. स्प्रे थेट इथे मारा, दहा मिनिटं थांबा, परत ढकला. दांडा सरकला की बाहेर उभ्या माणसाला दार आत दाबून हँडल ओढायला सांगा. बाहेरून बसवलेलं किट असेल तर क्लॅम्पचा स्क्रू सोडवून मोटरचा रॉड बाजूला करा, खुंटी लगेच मोकळी झाली तर दोष तोच होता.

आता पत्रा कापण्याबद्दल. वरचं सगळं करून, दांडा आणि अडसर दोन्ही हलत नसतील, तर पॅडच्या आड जो आतला पत्रा असतो त्यात लॅचच्या शेजारी छोटं भोक पाडून अडसराला थेट ढकलता येतं. नंतर त्या भोकाला रबरी बूच बसतं आणि वर पॅड येतं, बाहेरून काहीच दिसत नाही. हे मात्र घरी करू नका. मागे काच, वायर, केबल काय आहे हे माहीत असलेल्या माणसाचंच ते काम आहे. मला स्वतःला ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच करावं लागलं. पहिल्याच दिवशी पत्रा कापू म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, ‘आधी पॅड काढून बघाल का?’

दार उघडलं की आनंदाने परत लावू नका. हे मी मनापासून सांगतो, कारण माझ्या हातून झालंय. शिकाऊ असताना पुण्याच्या एका गॅरेजमध्ये मी नवीन लॅच बसवलं आणि रॉड जोडायच्या आधीच सवयीने दार ढकललं. दोन्ही वाटा तुटलेल्या, लॅच बंद. ते दार परत उघडेपर्यंत संध्याकाळ झाली आणि गाडीमालक तोवर बाकावर बसून होता. तेव्हापासून दार उघडलं की मी आधी पिलरवरच्या कडीला जाड कापड गुंडाळून बांधतो. चुकून ढकललं गेलं तरी ते लागत नाही.

मग लॅच काढा. दाराच्या कडेला तीन स्क्रू असतात, पुरानंतर ते गंजून बसलेले असतील, साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची खाच झिजवू नका, ठोकून फिरणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. मोटर वेगळी असेल तर लॅच स्वच्छ धुऊन, वाळवून, पांढरं ग्रीस लावून परत वापरता येतं. मोटर पेटीतच असेल आणि घरघरत असेल तर माझ्या मते नवीनच घाला. धुऊन चालू होईलही, पण मुलगी बसते त्या दाराला मी ती जोखीम घेणार नाही. आणि भंगारातलं जुनं लॅच स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. पुरात गेलेल्या गाड्या शेवटी भंगारातच सुटतात, त्यांचेच भाग तिथे मांडलेले असतात. एक गाळ काढून दुसरा गाळ बसवल्यासारखं होईल. आतल्या हँडलची केबलही याच वेळी बघा. टोकाची प्लॅस्टिकची गोळी हँडलच्या खाचेतून निसटली असेल तर परत बसवायची, केबलच गंजली असेल तर बदलायची.

दाराच्या तळाला हात घालून बघा. पुरातल्या गाडीत तिथे गाळाचा थर असतो, वाळलेला, पापुद्र्यासारखा. तळाच्या कडेला पाणी जायला छोटी भोकं असतात, ती या थराने बुजतात. मग प्रत्येक पावसात काचेवरून आत आलेलं पाणी दारातच उभं राहतं. चालताना दारातून ‘चुबुक चुबुक’ ऐकू येतं ते हेच. पत्रा आतून सडतो आणि लॅचला कायम ओल लागते. गाळ खरवडून काढा, भोकं बारीक तारेने मोकळी करा, मगभर पाणी ओतून ते खालून निघतंय ना बघा.

नवीन लॅच बसलं, रॉड-केबल जोडल्या, बॅटरीची तार लावली की दार उघडंच ठेवून चाचणी घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने जबडा फिरवा, जणू कडी आत शिरतेय. पहिला टक, दुसरा टक. आता बाहेरचं हँडल ओढा, जबडा झटकन उघडला पाहिजे. परत बंद करा, आतलं हँडल ओढा. परत बंद करा, रिमोटने लॉक करा आणि बाहेरचं ओढा, उघडता कामा नये. लॉक सोडा, उघडलं पाहिजे. शेवटी चाइल्ड लॉक लावून आणि काढून. हे सगळं दोनदा झालं की कडीवरचं कापड सोडा आणि मगच दार लावा. पॅड बसवताना आतलं प्लॅस्टिक नीट चिकटवा, नाहीतर पुढच्या पावसात पाणी पायाशी येईल. गोंद सुकला असेल तर ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, नवीन पट्टी मिळते.

हे काम होईपर्यंत मुलीला उजव्या बाजूला बसवा. बाहेर काढायची वेळ आली तर तिच्या बाजूचं दार उघडणारं हवं. आणि देव न करो, पण कधी मूल बंद गाडीत अडकलं, किल्ली आत राहिली, तर तिथे माझं वरचं एकही वाक्य लागू नाही. तिथे काच फोडायची. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच सर्वांत जास्त चढतं, मेकॅनिकची वाट बघायला वेळ नसतो. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा, मधोमध न मारता कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा, ११२ ला फोन लावा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, तिच्या दोन थरांमध्ये पातळ पडदा असतो, ती तडकते पण सुटत नाही.

राहिली बाकीची तीन दारं. तीही त्याच पाण्यात होती. या रविवारी प्रत्येक दाराचं आतलं आणि बाहेरचं हँडल वेगवेगळं वापरून बघा, मागच्या उजव्याचं चाइल्ड लॉक काढून बघा, खुंटी बोटाने हलवून बघा. जिथे जड लागेल किंवा एकच वाट चालत असेल, त्या दाराचं पॅड डाव्या दाराबरोबरच काढून घ्या. त्या दारांची पॅडं दार उघडून काढता येतील, म्हणजे एकेकाला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागणार नाही.